भूगर्भांतील मोटार आणि तिचा लवचिक दांडा

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून)



या मासिकांतून बीं-बियाणें, खतें, जनावरांचे रोग व पिकांची फेरपालट यांविषयीं पुष्कळ लेख प्रसिद्ध होतात. आजचा विषय त्या मालिकेंतील नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल. जमिनीच्या पोटांत हजारों फूट खालीं फिरणाऱ्या मोटारीचा एक दांडा, आणि तोहि लोखंडाचा नव्हे, तर तंतु व राळ यांचा, याच्याशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर देण्यासाठीं घरची एक हकीकत प्रथम सांगतों.

माझ्या धाकट्या बंधूंनीं डाळिंबाच्या बागेसाठीं साडेसहा इंची बोअर घेतला. पाणी २१० फुटांवर लागलें. सर्वांस आनंद झाला. पुढें पाणबुडी मोटार आंत सोडूं लागलों, तों ती १४० फुटांवर अडली. खालीं जाईना आणि वरहि येईना. ओढतां ओढतां पाइपाचा सांधा सुटला, आणि मोटार आंतच राहिली. पाणी डोळ्यांसमोर असून त्या वर्षींचा बहार गेला. झाडें तेवढीं टँकरच्या पाण्यावर जगविलीं. भोंक वांकडें गेलें होतें. बोअर मारणारे गृहस्थ म्हणाले, “दगडच तिरका आहे, त्याला आम्ही काय करणार?”

सारा जन्म नकाशे, हद्दी व सरळ रेषा पाहण्यांत गेल्यामुळें मला हें उत्तर पटेना. माझा एक भाचा समुद्रांतील तेलविहिरींवर नोकरीस आहे. तो सुटीवर आला असतां त्याला विचारलें. तो हंसून म्हणाला, “मामा, भोंक वांकडें गेलें हा दगडाचा गुन्हा नव्हे. आम्ही तेंच भोंक पाहिजे तेथें वांकवितों आणि पाहिजे तेथें सरळ करतों.” तें कसें, हें त्यानें चार दिवस बसून समजावून दिलें. जें समजलें तें क्रमानें पुढें मांडीत आहें. माझें शिक्षण मराठी शाळेंतील. यंत्रशास्त्राचा अभ्यास मीं केलेला नाहीं. परंतु जी गोष्ट मला कळली, ती आपणां सर्वांस कळण्यास हरकत नाहीं.

१. लांब दांड्याची अडचण

तेलासाठीं भोंक पाडण्याची जुनी पद्धत म्हणजे पहारीसारखें जड हत्यार दोरानें उचलून आपटणें. पुढें फिरत्या पद्धतीचा प्रसार झाला. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत स्पिंडलटॉप येथें १९०१ सालीं फिरत्या यंत्रानें पाडलेल्या विहिरींतून तेलाचा प्रचंड फवारा उडाला, आणि या पद्धतीची ख्याति जगभर झाली. हींत पाइपाला पाइप जोडून एक लांबच लांब दांडा तयार करतात. त्याच्या टोकाला दांते असलेलें हत्यार असतें. त्यास बिट म्हणतात. वरून यंत्र सबंध दांडा फिरवितें आणि खालीं बिट दगड खरवडतें. पाइपाच्या पोकळींतून चिकणमाती वगैरे घातलेलें दाट पाणी दाबानें खालीं पाठवितात. तें बिटाच्या छिद्रांतून बाहेर पडतें, आणि दगडाचा चुरा घेऊन पाइपाच्या बाहेरच्या बाजूनें वर येतें. या पाण्यानें बिट थंड राहतें, भोंक साफ होतें आणि भोंकाच्या भिंतीहि सांवरल्या जातात.

आतां अडचण पाहा. विहिरीवरील रहाटाचा कणा हातभर लांब असतो, म्हणून एक टोक फिरविलें कीं दुसरें तत्काळ फिरतें. परंतु दांडा तीन हजार मीटर लांब झाला, म्हणजे जाड पोलादी पाइप देखील सुतळीसारखा पीळ खातो. वरच्या टोकाला कित्येक फेरे द्यावे, तेव्हां खालचें टोक हलतें. मग तें एकाएकीं सुटून जोरानें फिरतें, पुन्हां अडकतें. वाटेंत पाइप भोंकाच्या भिंतीला घांसतो, त्यांत पुष्कळ शक्ति वायां जाते. भोंक वांकडें असेल, तर ही घांसाघांस आणखी वाढते.

विचारी माणसाच्या मनांत येईल कीं, काम जर तळाशीं आहे, तर शक्तिहि तळाशींच कां उत्पन्न करूं नये? विहिरीच्या कांठावरचें इंजिन सोडून आपणहि पाण्यांत बुडणारी मोटार घेतली, ती याच विचारानें.

२. मोटार तळाशीं नेली

हा विचार रशियांत लवकर रुजला. बाकूच्या तेलक्षेत्रांत काम करणारे मात्वेइ कापेल्युश्निकोव्ह यांनीं १९२० नंतरच्या दशकांत पाण्याच्या जोरानें फिरणाऱ्या चक्राचें यंत्र बिटाच्या माथ्यावर बसविलें. जें दाट पाणी चुरा वाहण्यासाठीं खालीं जातच होतें, त्याच्याच वेगानें चक्र फिरे. पाणचक्कीवर पीठ दळावें तसाच हा प्रकार होय. रशियांतील कोला द्वीपकल्पावर १९७० सालीं सुरू केलेलें शास्त्रीय संशोधनाचें भोंक १९८९ सालीं १२,२६२ मीटर खोल गेलें, तें अशाच तळच्या चक्रयंत्रांच्या बळावर. इतक्या लांबीचा पाइप केवळ वरून फिरवून तें काम झालें नसतें.

दुसरा मार्ग फ्रान्समधील इंजिनिअर रेने म्वानो यांच्या शोधांतून निघाला. १९३० च्या सुमारास त्यांनीं एका नव्या पंपाची रचना केली. रबराचें अस्तर असलेल्या नळींत मळसूत्राच्या आकाराची पोकळी असते, आणि तींत मळसूत्राच्याच आकाराचा पोलादी दांडा बसविलेला असतो. बाहेरच्या स्थिर भागास स्टेटर व आंतल्या फिरत्या भागास रोटर म्हणतात. रोटर फिरविला, म्हणजे दोहोंमधील बंद कप्पे पुढें पुढें सरकतात आणि पाणी वाहून नेतात. दाट राडा किंवा गाळ ढकलण्यास हा पंप उत्तम.

हाच पंप उलट चालविला तर? म्हणजे पाणी जोरानें आंत सोडलें, तर कप्पे पुढें सरकतांना रोटरला फिरवितात, आणि पंपाची मोटार होते. १९६० च्या दशकांत अशा मोटारी तेलविहिरींच्या कामांत येऊं लागल्या. आज तिरपीं व आडवीं भोंकें पाडण्याचें बरेंच काम त्यांच्याकडे आहे.

३. रोटरची डोलती चाल

या मोटारीचा एक स्वभाव आहे, आणि आपल्या दांड्याची सर्व कथा त्या स्वभावांतून निघते. रोटर एका जागीं राहून फिरत नाहीं. तो फिरतां फिरतां डोलतो. ताक घुसळतांना दोरी सैल पडली, कीं रवी स्वतःभोंवतीं फिरते आणि शिवाय डेऱ्यांत गोल गोल हिंडते. तशीच ही चाल समजावी.

रोटर आडवा कापून पाहिला, तर फुलासारख्या पाकळ्या दिसतात. स्टेटरच्या पोकळीला रोटरपेक्षां नेहमीं एक पाकळी अधिक असते. समजा, रोटरला ५ पाकळ्या व स्टेटरला ६ आहेत. अशा वेळीं रोटर स्वतःभोंवतीं एक फेरा पुरा करितो, तोंपर्यंत त्याचा मध्य उलट दिशेनें ५ घिरट्या घालतो. मिनिटाला १५० फेरे होत असतील, तर घिरट्या ७५० होतात. घिरटीचें वर्तुळ लहान, कांहीं मिलिमीटरांचें असतें. पण खालीं असलेलें बिट तर मध्यावर राहूनच फिरलें पाहिजे; त्यासाठीं त्याचा कणा भक्कम बेअरिंगांत जखडलेला असतो. वरचें टोक डोलणारें, खालचें टोक स्थिर. मध्यें जो दांडा दोघांस जोडतो, त्याची स्थिति दोन भावांच्या भांडणांत सांपडलेल्या घरासारखी होते.

त्याच्यावर तीन ओझीं एकदम येतात. पहिलें पिळाचें : मोटारीचें सगळें बळ त्याच्यांतून बिटाकडे जातें. दुसरें वांकण्याचें : प्रत्येक घिरटीबरोबर त्याला वेगवेगळ्या बाजूस वांकावें लागतें. तिसरें दाबाचें : वरून येणारें पाणी रोटरला खालीं रेटतें, आणि तो रेटा दांड्याच्या डोक्यावर बसतो.

वांकण्याचा हिशेब करून पाहूं. दांडा स्वतः एका दिशेनें फिरतो आणि वांकण्याची बाजू उलट दिशेनें फिरते. म्हणून वरच्या उदाहरणांत एका फेऱ्यांत दांडा ५ अधिक १, म्हणजे ६ वेळां वांकून सरळ होतो. मिनिटाला १५० फेरे, म्हणजे ९०० वेळां. तासाला ५४,००० वेळां. आणि १०० तास काम केलें, तर ५४ लक्ष वेळां! तारेचा तुकडा हातांत घेऊन चार-दहा वेळां इकडे तिकडे वांकविला, कीं तुटतो, हें आपण कुंपण करतांना पाहतों. एका वांकण्यानें न तुटणारें लोखंड असंख्य वांकण्यांनीं तुटतें. जर्मनींतील ऑगस्ट व्होलर यांनीं गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत रेल्वेच्या आंसांवर प्रयोग करून ही गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध केली. धातूच्या या दोषास थकवा असें म्हणतात, आणि शब्द यथार्थ आहे.

४. सांध्याचा दांडा व एकसंध दांडा

या अडचणीवर पहिला उपाय आपल्या परिचयाचा आहे. ट्रॅक्टरच्या मागें रोटाव्हेटर जोडतांना मधला जो शाफ्ट असतो, त्याच्या दोन्ही टोकांस फुलीचे सांधे असतात; मिस्त्री लोक त्यांस क्रॉस म्हणतात. रोटाव्हेटर वर-खालीं झाला, तरी सांधे वळतात आणि फिरणें चालू राहतें. विहिरींतील मोटारींतहि वर एक व खालीं एक असे सांधे बसवितात. परंतु ट्रॅक्टरच्या क्रॉसला ग्रीस देण्यास आळस केला तर काय होतें, हें प्रत्येकाला ठाऊक आहे. विहिरीच्या तळाशीं तर भोंवतीं वाळूमिश्रित पाणी दाबानें वाहत असतें. सांध्यांतील ग्रीस राखण्यासाठीं रबरी टोपी घालावी लागते. ती फाटली, कीं कचकच आंत शिरते, सांधा झिजतो, खडखडूं लागतो आणि शेवटीं तुटतो. तुटलेला तुकडा भोंकांत राहिला, तर त्याला बाहेर काढण्याचा खर्च मोटारीच्या किंमतीहून अधिक होऊं शकतो. आमच्या १४० फुटांवरील अनुभवावरून हें मला सांगण्याची गरज पडली नाहीं.

दुसरा उपाय असा कीं, सांधाच नको. लांब व सडपातळ असा एकसंध दांडा घ्यावा, आणि त्यानेंच वेताच्या छडीप्रमाणें लवावें. जेथें सांधा नाहीं, तेथें झीज नाहीं व ग्रीसहि नको. पण येथें एक पेंच आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

गोल दांडा अर्ध्या जाडीचा केला, तर त्याचा वांकण्यास होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. पण त्याबरोबर पीळ सोसण्याचें सामर्थ्यहि आठव्या हिश्शावर येतें. म्हणजे लवचिकपणा मिळाला, पण बळ गेलें. जाडी न बदलतां लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच डोलण्यानें आंत उत्पन्न होणारा ताण चौथ्या हिश्शावर येतो. परंतु लांबी वाढली, कीं मोटार लांबते, आणि लांब मोटार भोंकाच्या वळणांतून जाईना. शिवाय लांब सडपातळ दांड्यावर वरून दाब आला, तर तो मध्येंच कमान होऊन बसतो.

उरतो तिसरा मार्ग, पदार्थ बदलणें. टायटॅनियम नांवाच्या धातूच्या मिश्रणाचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो, पण त्याची बळकटी उत्तम पोलादाच्या जवळपास असते, आणि तो गंजत नाहीं. म्हणून अशा मोटारींत टायटॅनियमचे लवचिक दांडे वापरतात. पण धातु ती धातु. ती सर्व दिशांना सारखीच ताठ. आपल्याला पाहिजे तो दांडा पिळाला बळकट आणि वांकण्याला मऊ, असा दोन तोंडांचा. असा पदार्थ खाणींतून निघत नाहीं; तो विणावा लागतो.

५. तंतूंचा दांडा

आपल्या घरचा दोरखंड पाहा. अंबाडीचा एकटा धागा बोटांनीं तुटतो. पण शेंकडों धागे एकत्र वळले, कीं त्या दोरानें बैल बांधतां येतो. दोर ओढण्यास बळकट आणि वांकण्यास मऊ. हा गुण धाग्यांच्या मांडणीचा आहे. मात्र दोराचा एक दोषहि आपल्याला माहीत आहे. पिळाच्या दिशेनें फिरविला, तर तो घट्ट होतो. उलट फिरविला, तर उलगडतो. आणि दाबला, तर तो उभा राहूंच शकत नाहीं.

आतां कल्पना करा कीं, एका दोरावर एक थर उजव्या पिळाचा व त्यावर दुसरा थर डाव्या पिळाचा, असे अनेक थर दिले; आणि सर्व थर पातळ राळेंत भिजवून, भट्टींत भाजून घट्ट केले. मग कोणत्याहि दिशेनें पिळा, एक थर ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. दाबला जाणारा तंतु एकटा असता तर दुमडला असता. पण राळ त्याला सर्व बाजूंनीं धरून ठेवते. अशा दांड्यास संमिश्र दांडा म्हणतात. इंग्रजी शब्द काँपोझिट. तंतु बहुधा कार्बनचे किंवा काचेचे असतात. कार्बनचा तंतु केंसाहून बारीक असतो, पण वजनाच्या मानानें पोलादाहून कितीतरी बळकट.

सर्व खुबी तंतूंच्या कोनांत आहे. तंतु दांड्याच्या लांबीला समांतर घातले, तर दांडा वांकण्यास ताठ होतो. ते आडवे, बांगडीसारखे घातले, तर पीळ सोसण्यास फारसे उपयोगी पडत नाहींत. परंतु ४५ अंशांच्या कोनांत, एक थर उजवीकडे व एक डावीकडे, असे गुंडाळले, तर पिळाचें ओझें नेमकें तंतूंच्या रेषेंत येतें. कारण पीळ दिल्यावर दांड्याच्या पृष्ठभागावर जी ओढ व जो दाब उत्पन्न होतो, तो याच तिरप्या रेषांत असतो. आणि तोच दांडा वांकवूं गेलें, तर लांबीच्या दिशेला तंतु नसल्यामुळें तो सहज लवतो. कार्बनचे तंतु अशा रीतीनें ४५ अंशांत घातले असतां, लांबीच्या दिशेचा ताठपणा पोलादाच्या एकदशांशाच्या आसपास राहतो. म्हणून तेवढ्याच डोलण्यानें आंत उत्पन्न होणारा ताण पुष्कळ कमी होतो, दांडा आखूड ठेवतां येतो, आणि बेअरिंगांवर पडणारी बाजूची रेटारेटीहि कमी होते.

आखूडपणाचें महत्त्व कां, तें पाहा. तिरप्या विहिरींसाठीं मोटारीच्या बाहेरच्या नळीला बिटाच्या वर थोडा बांक देतात. बहुधा ३ अंशांच्या आंत. बांकाच्या आंतून जाणारा दांडाहि अर्थात् लवचिक किंवा सांध्याचाच पाहिजे. भोंक वळवावयाचें असेल, तेव्हां वरचा पाइप न फिरवितां बांक इच्छित दिशेस धरून ठेवतात. खालीं एकटी मोटार बिट फिरविते, आणि भोंक त्या बाजूस वळतें. सरळ जावयाचें असेल, तेव्हां वरचा पाइपहि सावकाश फिरवितात. बांक सर्व बाजूंस सारखा फिरल्यामुळें भोंक सरळ जातें. बांक बिटापासून जितका जवळ, तितकें वळण जलद घेतां येतें. आणि दांडा आखूड असेल, तरच बांक जवळ आणतां येतो.

६. गुणांबरोबर दोषहि

कोणतेंहि नवें बियाणें जसें सर्व जमिनींत सारखें येत नाहीं, तसेंच या दांड्याचें आहे. त्याचे तीन दोष सांगितले पाहिजेत.

पहिला दोष सांध्याचा. मधला दांडा तंतूंचा असला, तरी त्याचीं दोन टोकें पोलादी मोटारीस व पोलादी बिटाच्या कण्यास जोडावीं लागतात. लवचिक पदार्थ जेथें ताठ पदार्थाला मिळतो, तेथें सगळा ताण गोळा होतो. कुदळीचा दांडा मध्यें क्वचितच मोडतो, नेढ्यापाशींच मोडतो. म्हणून टोकाशीं तंतु एकदम न संपवितां, थर जाड करीत नेऊन, आकार देऊन धातूच्या टोपणांत बसवितात. तंतूंच्या दांड्याचें आयुष्य बहुतेक या टोकांवर ठरतें.

दुसरा दोष उष्णतेचा. भूगर्भांत साधारणतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता वाढत जाते. चार किलोमीटरांवर शंभराहून अधिक अंश होतात. राळ ठराविक उष्णतेच्या पुढें मऊ पडते, आणि मग दाबल्या जाणाऱ्या तंतूंस धरून ठेवणारा कोणी राहत नाहीं. स्टेटरमधील रबरहि फार उष्णतेंत टिकत नाहीं. म्हणून विहिरीची खोली व उष्णता पाहूनच राळ निवडावी लागते.

तिसरा दोष झिजण्याचा. दाट पाण्यांतील वाळू दांड्याच्या अंगावरून सारखी वाहते. पोलादाला ओरखडा पडला, तर तेवढाच पडतो. तंतु कापला गेला, तर त्याच्यावरचें ओझें शेजाऱ्यावर जातें. त्यावर संरक्षक लेप किंवा वेष्टण द्यावें लागतें. शिवाय आंतले थर एकमेकांपासून सुटूं लागले, तर तें बाहेरून दिसत नाहीं. वाळवी लागलेल्या वाशासारखी स्थिति होते.

हे दोष असल्यामुळें सर्वत्र पोलाद व टायटॅनियम मागें पडलें आहे, असें मुळींच नाहीं. ज्या कामांत जें टिकतें, तें वापरावें, हाच तेथेंहि नियम आहे.

७. जमीन वर आपली, खालीं कोणाची?

महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला येथें एक गोष्ट सुचल्यावांचून राहत नाहीं. भोंक जर आडवें नेतां येतें, तर तें कोणाच्या जमिनीखालून जातें? इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांतील विच फार्म या तेलक्षेत्रांत किनाऱ्यावरून पाडलेली एक विहीर १९९९ सालीं समुद्राच्या तळाखालून १० किलोमीटरांहून अधिक आडवी गेली. आपल्याकडे मुंबई हाय येथें १९७४ सालीं तेल सांपडलें. तेथेंहि समुद्रांतील एका मचाणावरून अनेक तिरप्या विहिरी वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या आहेत.

सातबाऱ्यावर आपण ज्या जमिनीचे धारक आहोंत, तिच्या खनिजांचेंहि मालक आहोंत, असा पुष्कळांचा समज असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ४८ व्या कलमाप्रमाणें, शासनाच्या अनुदानांत उलट उल्लेख नसेल, तर खनिजांचा हक्क राज्य शासनाचा आहे. पाण्यासंबंधींहि सर्वस्वीं मोकळीक नाहीं. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यांत ६० मीटर किंवा अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर म्हटलें असून तिच्यावर निर्बंध ठेवले आहेत. बोअर घेण्यापूर्वीं आपल्या गांवास काय लागू आहे, याची लेखी चौकशी करावी.

८. आपल्या बोअरला यांतून काय घ्यावयाचें?

आपल्या दक्खनच्या काळ्या खडकांत बोअर मारणारें यंत्र निराळें आहे. तेथें म्वानोची मोटार नसते. दाबाची हवा पाइपांतून खालीं जाते व तळाशीं असलेला हातोडा बिटावर घाव घालतो; पाइप वरून सावकाश फिरवितात. परंतु मूळ विचार तोच. घाव वरून घातला असता, तर लांब दांड्यांत विरला असता. म्हणून हातोडाच तळाशीं नेला. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे असे बोअर वाढत गेले.

भाच्यानें माझ्या मूळ प्रश्नाचें उत्तर शेवटीं दिलें. दगडाचे थर तिरपे असतील, किंवा कठीण-मऊ असे आलटून पालटून असतील, तर बिट बाजूस ओढलें जातें, हें खरें. पण तेल काढणारे वारंवार मोजमाप घेत असतात, म्हणून त्यांना वांकडेपणा लागलीच कळतो. आपल्याकडे मोजीत कोणीच नाहीं. म्हणून तो मोटार अडकल्यावर कळतो. यंत्र समपातळीवर नसणें, पहिल्या पाइपाला घाई करणें, वांकलेला पाइप वापरणें, झिजलेलें बिट चालू ठेवणें, आणि भराभर खालीं जाण्यासाठीं वाजवीपेक्षां जास्त दाब देणें, हीं वांकडेपणाचीं कारणें माणसाच्या हातांतील आहेत. बोअरचे पैसे फुटावर ठरतात. म्हणून घाईचा मोह होतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

तेव्हां पुढील गोष्टी कराव्या :

(१) काम सुरू होण्यापूर्वीं यंत्राचा खांब ओळंब्यानें दोन बाजूंनीं तपासावा.

(२) वरच्या मातींत घालावयाचा केसिंग पाइप उभा व घट्ट बसला आहे, याची खात्री करावी. सुरुवात तिरपी झाली, तर पुढें सर्व तिरपें.

(३) बिटाचा व्यास आरंभीं व अखेरीस मोजावा. बिट झिजत जातें, तसतसें भोंक अरुंद होतें. आणि पाणबुडी मोटारीला भोंवतीं जागा मुळांतच थोडी असते.

(४) काम संपल्यावर, यंत्र शेतांतून हलण्यापूर्वीं, मोटारीहून किंचित् जाड असा २० फूट लांबीचा सरळ पाइप तारेच्या दोरानें मोटार बसवावयाच्या खोलीपर्यंत सोडून पाहावा. तो निर्वेध गेला, तर मोटार जाईल.

(५) दुपारीं आरशानें ऊन भोंकांत टाकून पाहावें. तळाचें पाणी पूर्ण वर्तुळ दिसलें, तर उत्तम. चंद्रकोर दिसली, तर भोंक तितकें वांकडें.

(६) वरील परीक्षा उतरल्यावरच पैसे पुरे द्यावयाचे, असें कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. तोंडी कराराला दप्तरांत जागा नसते, हें मी अनुभवानें सांगतों.

आणखी एक इशारा. काळ्या खडकांत पाणी मिळतें तें मुख्यतः वरच्या कुजलेल्या थरांत, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत. खोल गेलें म्हणजे पाणी मिळतेंच, असा नियम नाहीं. मातब्बर तेलकंपन्यांना हजारों मीटर जाणें परवडतें. आपल्याला प्रत्येक फूट कर्जाचा असतो.

बंधूंनीं पुढच्या उन्हाळ्यांत दुसरा बोअर घेतला. यावेळीं ओळंबा मीं धरला आणि पाइप त्यांनीं सोडला. मोटार एका खेपेंत १८० फुटांवर बसली. पाणी मात्र पहिल्या बोअरइतकें लागलें नाहीं. म्हणून अर्धीच बाग राखली, आणि अर्धी जमीन ज्वारीला दिली. पहिल्या बोअरचें पाणी आजहि खालीं आहे. त्याच्या तोंडावर बंधूंनीं लोखंडी झांकण घट्ट बसविलें आहे, कारण उघड्या बोअरांत मूल पडण्याची भीति असते. तें काम कोणींहि उद्यांवर टाकूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) रोटरला ४ पाकळ्या असून तो मिनिटाला १२० फेरे करीत असेल, तर दांडा तासाला किती वेळां वांकेल? (उत्तर : ३६,०००.)

(२) दोर उलट पिळला असतां उलगडतो. तंतूंचा दांडा कां उलगडत नाहीं?

(३) कुदळीचा दांडा नेढ्यापाशीं मोडतो, यावरून लवचिक दांड्याच्या टोकांची कोणती काळजी घ्यावी असें दिसतें?

(४) आपल्या गांवांतील शेवटच्या बोअरचा सरळपणा कोणीं व कसा तपासला होता, याची चौकशी करावी.

इत्यलम्.